दुसऱ्या तृतीयांशात चामडं

कोको, भाजलेली कॉफी, मध, जायफळ, सीडरचं लाकूड, पावसानं भिजलेली माती, वाळलेलं गवत, गोठा आणि चामडं. एवढं सगळं एका सद्गृहस्थांना एका संध्याकाळी एकाच सिगारमध्ये लागलं आणि त्या वेळी ते पूर्ण शुद्धीवर होते. गोठ्याचा उल्लेख त्यांनी तक्रार म्हणून केलेला नाही. सिगारच्या जगात गोठा हा कौतुकाचा शब्द आहे. फक्त तो भसकन अंगावर येऊन चालत नाही, मध्येच हळूच डोकावून जावा लागतो. यादी पुन्हा एकदा वाचा. तिच्यात तंबाखू नाही.

हे सद्गृहस्थ मूळचे कोल्हापूरचे, दुबईत दातांचे डॉक्टर, आणि माझ्या मेहुण्याचे मित्र. मी स्वतः ओढत नाही, पण ओढणाऱ्यांची निरीक्षणं मोठ्या आवडीनं ऐकतो आणि मिळतील तिथं वाचतो. इतक्या थोड्या ऐवजावर इतकं भरघोस वाङ्मय दुसरीकडे सहसा होत नाही. पान पेटतं, धूर होतो, राख पडते. घडलं ते एवढंच. त्यावर माणसं तीन-तीन पानं लिहितात आणि शेवटी ‘शब्दांत सांगणं कठीण आहे’ असंही म्हणतात.

डॉक्टरांच्या हातात होती ती कोहिबा बेहिके. कोहिबा हा क्यूबाचा सगळ्यात मिजासखोर ब्रँड. १९६६ साली तो सुरू झाला तो मुख्यतः फिडेल कॅस्ट्रोसाठी आणि परदेशी पाहुण्यांना भेट द्यायला. सामान्य गिऱ्हाइकाला तो मिळायला १९८२ उजाडलं. त्यातली बेहिके आणखी वरची. २००६ मध्ये कोहिबाच्या चाळिशीनिमित्त तिच्या फक्त ४००० कांड्या निघाल्या, आणि त्या सगळ्या नॉर्मा फर्नांडेझ नावाच्या एकाच बाईंनी हातानं वळल्या. नंतर २०१० च्या फेब्रुवारीत, हवानातल्या सिगार महोत्सवात, बेहिके नियमित मालिका म्हणून आली: ५२, ५४ आणि ५६ अशा तीन जाडींत. हे आकडे इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. अंगठ्याएवढी जाड वस्तू चौसष्टाव्यात का मोजावी हे मला कळलेलं नाही, पण चोखंदळपणाला सुरुवात कुठून तरी करावी लागते.

बेहिकेचं सारं भांडवल म्हणजे ‘मेदिओ तिएम्पो’ नावाचं पान. तंबाखूच्या झाडाला खालून वर पानांच्या जाती असतात. खालचं पान नीट जळायला, मधलं वासाला, वरचं ‘लिगेरो’ जोराला. त्याच्याही वर, अगदी शेंड्याला, काही झाडांना दोन छोटी पानं येतात. सगळ्या झाडांना नाही, काहींनाच. ऊन सर्वांत जास्त तीच खातात, म्हणून ती जाड, तेलकट आणि अंगानं कडक. ही दोन पानं बेहिकेत घालतात. किती घालतात ते ओढणाऱ्याला दिसत नाही, पण ती आहेत हे ठाऊक असतं, आणि पुढच्या सगळ्या प्रकारात हे ठाऊक असणं फार उपयोगी पडतं.

गंमत अशी की ज्या गृहस्थासाठी हा खटाटोप सुरू झाला, त्या कॅस्ट्रोनं १९८५ मध्येच सिगार सोडली होती. बेहिके बाजारात आली तेव्हा तो हयात होता. जगातले सगळे जाणकार तिच्यावर तुटून पडलेले असताना बहुधा तेवढा एकच माणूस मत न देता बसलेला असावा.

आता ही मतं देतात कशी, ते सांगतो. मेहुण्यानं एकदा मुद्दाम मला बसवून घेतलं होतं. मंडळी चार: मेहुणा, डॉक्टर, डोंबिवलीचे एक सीए, आणि ज्यांच्या खर्चानं हे चाललं होतं ते एक वयस्कर मल्याळी साहेब. मी पाचवा, निरीक्षक. सिगार तीन भागांत ओढायची असते हे मला तिथं कळलं. म्हणजे ओढायची सलगच, पण अभिप्राय तीन हप्त्यांत द्यायचा: पहिला तृतीयांश, दुसरा तृतीयांश, शेवटचा तृतीयांश. त्याआधी टोपी, म्हणजे कांडीचं बंद टोक, कापल्यावर न पेटवताच एक कोरडा झुरका घ्यायचा असतो. तो घेऊन सीए म्हणाले, “मनुका.” डॉक्टर म्हणाले, “बेदाणा.” यावर मतभेद झाला. किसमिस हा तिसरा पर्याय मी सुचवला, तो कुणी घेतला नाही.

मग पेटवणं. ज्योत पानाला लावायची नाही, नुसती जवळ धरून कांडी गोल गोल फिरवायची. या कामात मेहुण्याची जी एकाग्रता दिसली ती मी त्याच्या बारावीच्या वर्षी पाहिली असती तर सासऱ्यांचं रक्तदाब वाढणं वाचलं असतं.

“भावजी, दोन झुरके घ्या. गिळू नका, तोंडातच खेळवा,” मेहुणा म्हणाला. मी खेळवले.

“काय लागतंय?”

“धूर.”

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मेहुण्यानं मोबाइलवर टिपण केलं आणि वाचूनही दाखवलं: ‘पाहुण्यांना सुरुवातीलाच ओकच्या लाकडाची शेकोटी.’ ओकचं झाड मी अजून पाहिलेलं नाही. पण मला ते लागलं होतं, त्याची लेखी नोंद आहे.

सीएंचं अवघड होतं. त्यांना पहिल्या तृतीयांशात ‘ग्रॅहम क्रॅकर’ लागला. हे एक अमेरिकी बिस्किट. सिगारच्या इंग्रजी वर्णनांत ते इतक्यांदा येतं, की सीएंना ते बरीच वर्षं न खाताच लागत होतं. मग एका सुपरमार्केटात खरा पुडा सापडला. घरी आणला, फोडला, चहाबरोबर खाल्ला आणि पत्नीला सांगितलं, “अगं, याला सिगारची चव आहे.”

डॉक्टरांनी मात्र कुणाचं उसनं घेतलं नाही. दुसरा तृतीयांश सुरू झाला तसे ते डोळे मिटून बसले, आणि बऱ्याच वेळानं म्हणाले, “चामडं. पण नवं नव्हे. तेल पाजलेलं.” त्यांचं लहानपण कोल्हापुरात चप्पल लाइनीच्या मागच्या बोळात गेलं आहे. तिथं दुकानांच्या दाराशी करकरणाऱ्या चपलांच्या माळा टांगलेल्या असतात, आणि उन्हाळ्यात कातड्याचा न् तेलाचा वास बोळभर राहतो. क्यूबातल्या पिनार देल रियोच्या शेतात वाढलेल्या, हवानात वळलेल्या, दुबईत पेटवलेल्या पानातून डॉक्टर नेमके त्या बोळात पोचले होते. मला तेव्हा त्यांचं हसू आलं नाही. माझं मत असं झालं आहे की जो तो आपापलं गाव ओढत असतो. फक्त ज्याला गावाची आठवण अडचणीची वाटते तो ग्रॅहम क्रॅकर ओढतो.

यानंतर धूर नाकावाटे सोडण्याचा कार्यक्रम झाला. खरी चव तिथंच कळते म्हणतात. सीएंनी सोडला. डोळ्यांतून पाणी आलं, कान लाल झाले, आणि त्या अवस्थेत त्यांनी निदान केलं, “मिरी.” मेहुण्यानं विचारलं, “काळी का पांढरी?” सीएंनी रुमाल नाकाला लावून विचार केला आणि म्हणाले, “पांढरी.” या उत्तराचा सगळ्यांवर परिणाम झाला. काळी मिरी कुणालाही लागते.

आणखी वीस मिनिटांनी सीए बोलेनासे झाले. कपाळावर घाम, ओठ पांढरे. सिगारचा धूर छातीत नेला नाही तरी निकोटीन तोंडातूनच रक्तात जातं. धूर अल्कधर्मी असतो, त्याला फुप्फुसाची गरज पडत नाही. त्यात शेंड्याचं पान आणि सीएंचं रिकामं पोट. मल्याळी साहेबांनी एक शब्द न बोलता साखरेचं भांडं त्यांच्यापुढे सरकवलं. असल्या प्रसंगी साखर खातात, आणि साहेबांनी असे बरेच जाणकार पाहिलेले असावेत. सीएंनी चिमूटभर साखर जिभेवर ठेवली, भिंतीला टेकले आणि क्षीण आवाजात अभिप्राय पुरा केला: “फुल बॉडी.”

साहेब त्या संध्याकाळी एकदाच बोलले. कांडी शेवटाला आली तेव्हा ती रक्षापात्रात आडवी ठेवत म्हणाले, “नाइस.”

हे सगळं थोतांड आहे असं म्हणून मोकळं होता आलं असतं तर बरं झालं असतं. पण तसं नाही. वाळवलेल्या पानांचे ढीग घालतात, ढिगाच्या पोटात आच तयार होते, अमोनिया उडून जातो आणि पानातला कच्चा उग्रपणा मोडतो. पुढे ते पान जळतं तेव्हा धुरात पायराझीन नावाची संयुगं असतात, आणि हीच मंडळी भाजलेल्या कॉफीत, कोकोत, भाजलेल्या शेंगदाण्यातही असतात. म्हणजे कॉफी आणि कोको लागले हे बरोबर आहे. लाकूडही बरोबर, कारण सिगारचं खोकं त्याच लाकडाचं असतं. फक्त ज्याला सीडर म्हणतात ते झाड देवदाराचं सगंसोयरं नव्हे. ते महोगनीच्या आणि आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं आहे. ‘शेवटी कडुनिंबाची हलकी झाक’ असं लिहिणारा जाणकार मात्र मला अजून भेटायचा आहे.

आमच्याकडेही तंबाखूचे दर्दी काही कमी नाहीत. निपाणीच्या बाजूला पारावर बसून चुना-तंबाखू मळणारा म्हातारा घ्या. तळव्यावर अंगठा फिरतो, दोन थापा पडतात, चिमूट ओठात जाते. मग तो थोडा वेळ समोर बघतो आणि सांगतो, “कडक हाय.” किंवा, “मवाळ हाय.” तृतीयांश नाहीत, जायफळ नाही. कारण उघड आहे. त्या पुडीची किंमत वर्णन करावं एवढी नाही.

किमतीचा आणि चवीचा हा संबंध मार्क ट्वेननं फार पूर्वी तपासून ठेवला आहे. त्याच्या स्वतःच्या सिगारी स्वस्त आणि भयंकर म्हणून मित्रांत बदनाम होत्या. एकदा त्यानं बारा मित्रांना जेवायला बोलावलं. त्यांतला एक उंची सिगारींसाठी प्रसिद्ध. ट्वेन आधी त्याच्या घरी गेला, कुणी बघत नाहीसं पाहून ४० सेंटवाल्या सिगारी ओंजळभर उचलल्या, त्यांच्यावरच्या लाल-सोनेरी पट्ट्या काढल्या आणि त्या आपल्या बदनाम डब्यात भरून जेवणानंतर पुढे केल्या. मित्रांनी भीत भीत घेतल्या, पेटवल्या, थोडा वेळ झुंज दिली आणि काहीबाही सबबी सांगून एकामागून एक उठले. सकाळी दारापासून फाटकापर्यंत सिगारी टाकलेल्या सापडल्या. एक तेवढी आत ताटातच होती. ती खुद्द मालकाची. दोन झुरक्यांवर त्यालाही आपली सिगार सोसली नाही, आणि असला माल लोकांना पाजशील तर एक दिवस कुणीतरी तुला गोळी घालील, असं त्यानं नंतर ट्वेनला बजावलं.

शास्त्रज्ञांना हेच करायला २००१ उजाडलं. बोर्डोला वाइनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ जणांना पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग घालून दिला, तेव्हा त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. जिभेची यात काही चूक नाही. तिचा स्वतःचा शब्दसंग्रह गोड, आंबट, खारट, कडू आणि आणखी एखादा एवढाच. बाकीचं नाक सांगतं, आणि नाकाला डोळे शिकवतात.

म्हणूनच १९९२ मध्ये निघालेल्या ‘सिगार अफिशिओनाडो’ या अमेरिकी नियतकालिकात परीक्षकांना पट्टी काढून सिगार देतात आणि १०० पैकी गुण मागतात. पद्धत चांगली आहे. फक्त गुण आमच्या हल्लीच्या दहावीच्या निकालासारखे पडतात: ९० च्या आत आलं की घरात सुतक. त्यांच्या मोजपट्टीत ७० ते ७९ म्हणजे बऱ्यापैकी माल, पण तेवढे गुण मिळालेली सिगार लोक पाहुण्यांपुढेही ठेवत नाहीत. बेहिके ५२ ला ९७ पडले आणि २०१० ची सर्वोत्तम सिगार तीच ठरली.

इथं एक बारीक अडचण होती. क्यूबाच्या मालावर अमेरिकेत १९६२ पासून बंदी आहे. म्हणजे अमेरिकी नियतकालिकानं अमेरिकी वाचकांना वर्षातली पहिल्या नंबरची म्हणून जी सिगार सांगितली, ती त्यांना आपल्या देशातल्या कुठल्याही दुकानात कायद्यानं घेता येत नव्हती. माझ्या मते यानं चव कमी झाली नाही, वाढलीच. केनेडींचे प्रसिद्धी सचिव पिएर सॅलिंजर सांगत, की बंदीच्या हुकमावर सही करण्याआधी अध्यक्षांनी त्यांना शक्य तितक्या ‘पेटिट अपमन’ या क्यूबन सिगारी गोळा करायला पाठवलं होतं. १२०० मिळाल्याचं कळल्यावरच सही झाली. त्या १२०० कांड्यांची चव कशी होती हे केनेडींनी नोंदवलेलं दिसत नाही, पण चोरून खाल्लेल्या कैरीत मीठ घालावं लागत नाही एवढं अमेरिकेलाही माहीत असणार.

हवानाच्या रस्त्यावर ही अडचण नाही. तिथं परदेशी दिसला की कुणीतरी जवळ येतो. त्याचा चुलतभाऊ कारखान्यात असतो, आज कामगारांना माल स्वस्त मिळण्याचा दिवस असतो आणि तो दिवस वर्षातून बहुधा ३६५ वेळा येतो. मेहुणाही एकदा हवानाला जाऊन असं एक खोकं घेऊन आला. वर काचेचं झाकण, आत पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या पंचवीस कोहिबा. काचेच्या झाकणाची कोहिबा अस्सल नसते, हे या छंदातलं पहिल्या इयत्तेचं ज्ञान. ते मेहुण्याला मिळालं तोवर अर्धं खोकं संपलं होतं, आणि त्या अर्ध्या खोक्यावर त्याची टिपणं तयार होती. मी ती वाचली आहेत. साय, बदाम, आणि लांबत जाणारा कोको. आतला माल केळीच्या पानाचा होता का शेतातल्या कचऱ्याचा, कोण जाणे. साय मात्र लागली होती.

खऱ्या कारखान्यात हे वाङ्मय कुणी ऐकत नाही. तिथं दुसरं चालतं. १८६५ पासून हवानात सिगार वळणाऱ्यांना वाचून दाखवायला एक वाचक नेमण्याची रीत पडली. उंच आसनावर बसून तो वर्तमानपत्र वाचतो, मग कादंबरी. माँटेक्रिस्तो या प्रसिद्ध सिगारीचं नाव अशाच वाचलेल्या कादंबरीवरून पडलं. मजकूर आवडला की कामगार हातातली पान कापायची वाकडी सुरी फळीवर आपटतात, आणि नाही आवडला की ती खाली फरशीवर टाकतात. एकदा तिथं कुणीतरी मेहुण्याची टिपणं वाचून दाखवावीत अशी माझी इच्छा आहे. चामड्यापर्यंत सुऱ्या फळीवर राहतील. ग्रॅहम क्रॅकरचं सांगता येत नाही.

२०२२ मध्ये कोहिबाच्या किमती जगभर एका पातळीवर आणल्या, म्हणजे अर्थातच वरच्या पातळीवर. अनेक देशांत त्या एका झटक्यात दुपटीच्या वर गेल्या. मेहुण्याकडे त्याआधी घेतलेलं बेहिकेचं एक अस्सल खोकं होतं. तेव्हापासून ते उघडलेलं नाही. ते सीडरच्या पेटीत, ६५ टक्के आर्द्रतेत, घरातल्या कुठल्याही माणसापेक्षा जास्त काळजीत ठेवलेलं आहे. आता ते ‘मुरतंय’. रोज रात्री तो पेटीवरचा आर्द्रतेचा काटा बघतो आणि झाकण न उघडता सांगतो की लिगेरोचा तिखटपणा उतरला असेल, मध वर आला असेल. ओढलेल्या सिगारवर त्यानं इतकं नेमकं कधी लिहिलं नव्हतं. डॉक्टर आणि सीए अधूनमधून येऊन पेटीजवळ बसतात. खोक्यावर कुजलेल्या तोंडाचा एक मोठा रंगीत फोटो आहे. डॉक्टर धंद्यानं रोज असली तोंडं बघतात, तरी त्या फोटोचा उल्लेख त्यांच्या टिपणांत कधी आलेला नाही.

“हे मी मुलीच्या लग्नात फोडणार,” मेहुणा मला म्हणाला.

मुलगी तिसरीत आहे. मागच्या महिन्यात तिच्या शाळेत तंबाखूविरोधी चित्रांची स्पर्धा झाली आणि तिचा पहिला नंबर आला. चित्रातल्या सिगारवर पिवळी-काळी पट्टी होती, पट्टीवर चंदेरी होलोग्राम होता, टोपीला शेपटीसारखा पीळसुद्धा होता. एवढे बारकावे हिला कुठून सुचले, असं बाईंनी आईला विचारलं.